मशीनवर असतानाच्या गप्पा

धुळ्याच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक आहे. कोणती गाडी आली, कोणती गेली, कोणता ड्रायव्हर चहाच्या टपरीवर अजून रेंगाळतोय यावर लक्ष ठेवायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. आई म्हणायची, ही पोरगी घरात बोलली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारते. नोकरी लागली तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांनी मला माईकही दिला याचं.

आमच्या ह्यांची पिठाची गिरणी आहे. दिवसभर मोटरीचा आणि पट्ट्याचा आवाज, त्यात बोलून उपयोग नाही, म्हणून माणूस खुणांवर भागवायला शिकलेला. घरी आले तरी तेच. पाणी हवं असलं की माठाकडे बघायचं, भाजी तिखट झाली की एक भुवई वर. मुलीला दोंडाईच्याला दिली तेव्हा तिच्या सासरच्यांशी देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं बोलणं मीच केलं. हे शेवटी एकदा "बरं" म्हणाले, तेवढ्यावर लग्न ठरलं. आमच्या संसारात बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं आणि दोघांचीही काही तक्रार नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही तापाने पडलो. ह्यांचा ताप लवकर उतरला. माझा खोकला मात्र वाढत गेला, आणि एके दिवशी सकाळी केर काढता काढता मला पलंगावर बसावं लागलं. ह्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि लगेच चप्पल घातली. तेव्हाच मी समजले की काही खरं नाही.

धुळ्यात त्या दिवसांत खाट मिळेना. ओळखीपाळखीने जळगावच्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली आणि मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. आयुष्यभर त्या रस्त्यावर गाड्या सोडल्या, पण आडवं पडून तो रस्ता कधी केला नव्हता. तोंडाला मास्क, वर छताचा पत्रा, आणि खालून प्रत्येक स्पीड ब्रेकर पाठीला कळत होता. हे पारोळा, हे एरंडोल, असं मी मनात म्हणत होते. एका ठिकाणी ड्रायव्हरने वळणावर ओव्हरटेक केलं. मी मास्कमधून ओरडायला गेले, "तुमचा डेपो कोणता?" पण आवाजच निघाला नाही, नुसती धाप लागली. ह्यांनी माझा हात दाबला आणि समोर बघत राहिले.

हॉस्पिटलात आधी साधा ऑक्सिजन, मग नाकातून जोराने सोडलेला, मग तोंडावर आवळून बांधलेला मास्क. धावत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढल्यावर वारा जसा नाकातोंडात घुसतो तसा त्या मास्कचा वारा होता, फक्त गाडी थांबतच नव्हती. मी दमत चालले होते. अतिदक्षता विभागातली भूलतज्ज्ञ बाई, वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली.

"मावशी, श्वास घेऊन घेऊन तुमचं शरीर थकलंय. आता ते काम थोडे दिवस मशीनला करू द्यायचं. मी तुम्हाला झोपवते, घशातून नळी घालते, आणि फुप्फुसं बरी झाली की उठवते."

"उठवाल ना नक्की?" मी विचारलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "त्यासाठीच तर आम्ही आहोत. घरी बोलून घ्या."

तिने ह्यांना फोन लावून दिला. ह्यांना आत येता येत नव्हतं, ते धुळ्याला परत गेले होते. माझ्याकडे शब्दाला पुरेल एवढाही श्वास नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी थोडक्यात बोलले. "दूध फ्रीजमध्ये. कढीपत्त्याला पाणी घाला."

 हे आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू घर ये. मी वाट देखस."

फोनवर एवढं लांब वाक्य ते त्याआधी कधी बोलले नव्हते. मला गंमत वाटली आणि त्याच गमतीत मी झोपले.

पुढचं सगळं मला नंतर ब्रदरने सांगितलं. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, सगळे त्याला तेवढंच म्हणायचे. शिरपूरच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला तरुण. मी शुद्धीवर येईपर्यंत माझ्याबद्दल त्याला मुलीइतकं कळलेलं होतं.

व्हेंटिलेटर लावूनही सुरुवातीला माझा ऑक्सिजन वर येईना. तेव्हा त्यांनी मला पालथं घालायचं ठरवलं. असं पोटावर झोपवलं की पाठीकडच्या फुप्फुसाचा जो भाग दबून पडलेला असतो तो मोकळा होतो म्हणे. पण मी काही हलकी बाई नाही, आणि अंगाला नळ्याच नळ्या. एक नळी निसटली तर सगळंच संपलं. भूलतज्ज्ञ बाई डोक्याशी उभी राहून घशातली नळी धरायची, बाकीचे दोन्ही बाजूंना चादर गुंडाळून पकडायचे, आणि बाईने आकडे मोजले की मला एका दमात उलटवायचे. ब्रदर म्हणाला, "मॅडम, पहिल्या वेळी तुम्हाला उलटवलं आणि आम्ही सगळे त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात भिंतीला टेकून उभे राहिलो. तुमच्यापेक्षा आम्हालाच धाप लागली होती."

"मग खाली ठेवायचं होतं की मला," मी म्हटलं.

"खालीच तर होता तुम्ही. तोंड खाली करून."

तसं कित्येक तास पालथं, मग परत उताणं, मग पुन्हा पालथं. माझा चेहरा सुजून भोपळा झाला आणि गालावर चट्टा पडला. पण ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला. मधल्या काळात ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मोठ्या शहरांत एक यंत्र असतं, ते रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरून परत अंगात सोडतं. ह्यांनी त्या भूलतज्ज्ञ डॉक्टर बाईला फोन केला आणि तिला ते सगळं विचारलं. बोलून विचारलं, खुणा करून नाही. ती म्हणाली, असं यंत्र आहे, पण अशा अवस्थेत त्यांना इतक्या लांब नेणंच धोक्याचं आहे, आणि पालथं झोपवल्याचा उपयोग होतोय, थोडी वाट बघू. तिने वाट बघितली ते बरं झालं.

तिनेच ह्यांना एक काम लावलं. "काका, त्या झोपेत आहेत, पण ऐकू येत नसेलच असं नाही. ओळखीचा आवाज चांगला. ब्रदर रोज दुपारी फोन कानाशी धरेल, तुम्ही बोला."

हे म्हणाले, "काय बोलू?"

"काहीही. घरचं."

आता ज्या माणसाने आख्ख्या संसारात घरचं काही बोललं नाही त्याने काय बोलावं? पहिल्या दिवशी फोन जोडलेला आणि पलीकडून नुसता श्वासाचा आवाज. ब्रदरला वाटलं रेंज गेली. मग ह्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, "आज खिचडी लागी गयी."

खालून करपली होती. मग ती कशी करपली ते सांगितलं. दोंडाईच्याहून मुलीने फोनवर कृती सांगितली होती. तिला तेव्हा नुकतंच बाळ झालेलं, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती. बाळ रडलं म्हणून तिने मध्येच फोन ठेवला, आणि गॅस बारीक करायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पिठलं. त्यात गाठी झाल्या. गिरणीवाल्याच्या घरी पिठाच्या गाठी, हे त्यांना फार लागलं होतं. मग दूध उतू गेलं. मग शेवभाजीत शेव आधीच टाकली आणि तिचा लगदा झाला. रोज दुपारी मी मशीनवर पडलेली आणि माझ्या कानाशी स्वयंपाकघराचा हा पंचनामा. फोन स्पीकरवर असायचा, कारण त्या पोशाखातून ब्रदरला कानाला लावता यायचा नाही. त्यामुळे सगळा विभाग ऐकायचा. थोड्या दिवसांनी ड्यूटीवर येणारे विचारायला लागले, "त्या धुळ्याच्या ताईंकडे आज काय करपलं?"

एके दिवशी ह्यांच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. जेवण शेजाऱ्यांकडून आलेलं, काही करपलं नव्हतं, काही उतू गेलं नव्हतं. तेव्हा ह्यांनी गिरणी चालू केली आणि फोन तसाच बाजूच्या खोक्यावर ठेवून दळण दळलं. ब्रदर सांगतो की त्या दिवशी माझी नाडी छान संथ चालली होती. मी म्हणते औषधाचा गुण असेल. तो मानत नाही.

घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून पुढे त्यांनी माझ्या गळ्याला खाली भोक पाडून तिथून छोटी नळी बसवली. मग झोपेची औषधं कमी केली आणि मी जागी व्हायला लागले.

जागी म्हणजे काय, डोळे उघडे, पण मी हॉस्पिटलात नव्हतेच. मी धुळ्याच्या बसस्थानकावर होते. समोर पांढऱ्या रेनकोटातले प्रवासी इकडून तिकडे फिरतायत, खाटांवर नंबर आहेत म्हणजे ते फलाट, आणि कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेतेय, सारखी टीं टीं टीं. गाड्या लागलेल्या आणि पुकारणारं कुणी नाही. मी पुकारायला लागले. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, शिरपूरकडे जाणारी गाडी..." पण आवाज येईना. गळ्यातल्या नळीमुळे हवा आवाजाच्या पेटीपर्यंत पोचतच नव्हती, हे मला कुठून कळणार? मला वाटलं माईक बंद पडलाय आणि कुणी दुरुस्त करत नाहीये. असा संताप आला! मी ओठ हलवून हलवून दमले.

इकडे विभागातल्यांचा समज झाला की बाई फार श्रद्धाळू आहेत, सतत नामस्मरण चालू असतं. दुपारी ह्यांचा फोन आला तेव्हा ब्रदरने कौतुकाने सांगितलं, "काका, मॅडम जाग्या झाल्या, आणि सारखं देवाचं नाव घेतायत."

हे म्हणाले, "ती? देवाचं?"

मग थोडा विचार करून म्हणाले, "गाड्या पुकारत असेल."

ब्रदर माझ्या ओठांकडे नीट बघत उभा राहिला. शिरपूरची गाडी त्याच्या ओळखीचीच होती, कॉलेजच्या दिवसांत तिच्या टपाशिवाय सगळीकडे लटकून गेलेला तो. त्याने ओठांवर शिरपूर ओळखलं. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, शिरपूर गाडी सुटनी. बठ्ठा बसनात."

गाडी सुटली, सगळे बसले. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले. त्यानंतर मी बेचैन व्हायला लागले की कुणीतरी येऊन सांगायचं, पाचोरा गेली, दोंडाईचा गेली, साक्री पण वेळेवर गेली. डॉक्टर बाईसुद्धा राउंडला आली की विचारायची, "सगळ्या गाड्या वेळेवर आहेत ना?" हळूहळू एक एक फलाट विरत गेला आणि त्याजागी खाट, सलाईनचा स्टँड, खिडकी दिसायला लागली. एके सकाळी मला कळलं की टीं टीं ही गाडी नाही, माझं काळीज आहे. थोडी लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

तेव्हाच हेही कळलं की पलीकडच्या खाटेवर एक आबा होते आणि आता ती खाट रिकामी आहे. मी ब्रदरकडे बघून भुवई वर केली. त्याने मान हलवली आणि माझी चादर सारखी केली. सगळेच घरी गेले नाहीत. मी गेले, यात माझं काही कर्तृत्व नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

माझी तपासणी निगेटिव्ह आल्यावर मला दुसऱ्या विभागात हलवलं आणि ह्यांना भेटायला येऊ दिलं. दारातून आले तेव्हा शर्ट कमरेला ढगळ झालेला, हाताला दोन ठिकाणी भाजलेलं. मला बघून ते रडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि बोलायला लागले. दुधवाल्याने वेळ बदलली, कढीपत्त्याला नवी पानं आली, मुलीच्या बाळाला हसताना खळी पडते, गिरणीचा पट्टा तुटला होता, शेजारच्या अक्कांनी लोणचं दिलं. मी बघतच राहिले. मला बोलता येत नव्हतं, तेव्हा हे माठाकडे बघायचे तसं मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. ते लगेच म्हणाले, "पाणी नाही द्यायचं सांगितलंय, गिळता येतं का ते आधी बघणार आहेत," आणि पुढचं सुरू. खुणा कळण्यात मात्र ते पूर्वीपासून पक्के.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट रोज यायची, बोलायला गोड आणि वागायला कडक. पहिल्या दिवशी तिने मला खाटेच्या कडेला नुसतं बसवलं आणि मला वाटलं मी उंच कड्यावर बसलेय. पाय माझेच, पण कुणीतरी उसने दिल्यासारखे. मशीन थोडा वेळ बंद करून मला स्वतःच्या श्वासावर ठेवायचे, दमले की परत जोडायचे. आज थोडं, उद्या त्याहून थोडं जास्त. हे शेजारी बसून माझ्याबरोबर श्वास घ्यायचे. मी सोडला की ते सोडायचे. मग त्यांनाच चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा तिने त्यांना बाहेर पाठवलं.

आणि मग तो दिवस आला. मशीन सुटलं होतं. डॉक्टर बाईने एक छोटंसं झाकण आणलं. ते गळ्यातल्या नळीवर बसवलं की हवा नळीतून आत जाते, पण बाहेर पडताना वर गळ्यातून जाते, म्हणजे आवाज येऊ शकतो. फिजिओथेरपिस्ट आली, ब्रदर दुसऱ्या विभागातून मुद्दाम आला. बाईने झाकण बसवलं आणि म्हणाली, "मावशी, बोला काहीतरी."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे म्हणाले, "घाई नको करू. आधी श्वास घे. मी काय म्हणतो, आधी हळू आवाजात बघ. एकदम मोठ्याने नको. तुझी सवय आहे मोठ्याने. डॉक्टर, हिला सवय आहे. आमच्या गिरणीत नवी मोटर बसवली तेव्हासुद्धा मी आधी रिकामीच..."

मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. हे मोटरीवरच होते.

तेव्हा माझ्या गळ्यातून एक खरखरीत, जाडसर आवाज आला. तो माझा आहे हे मला पटेना. मी म्हणाले, "अहो, मला बोलू द्या ना!"

ब्रदर इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. डॉक्टर बाई हसता हसता डोळे पुसत होती. हे गप्प झाले, सगळ्यांकडे बघितलं, आणि मग तेही हसायला लागले. मला हसू आलं तसा खोकला आला, आणि खोकल्यातही आवाज होता. केवढं बरं वाटलं त्या खोकल्याचं! मग मी पोटभर बोलले. काय बोलले ते आठवत नाही. कुणी थांबवलं नाही, शेवटी धापेनेच थांबवलं.

पुढे गळ्यातली नळी निघाली, भोक आपोआप बुजलं. घरी ऑक्सिजनचं छोटं मशीन घेऊन आले. घरात पाऊल टाकलं आणि ओट्यावर नजर गेली, तर माझी सगळ्यात चांगली कढई काळीठिक्कर.  पावसाळाभर गच्चीवर ह्यांचा हात धरून फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा टाकीपर्यंत, मग कठड्यापर्यंत, मग जिना स्वतः चढून. मला वाटलं होतं घरी आल्यावर हे पुन्हा गप्प होतील. नाही झाले. आता आमच्याकडे दोघंही बोलतात, बऱ्याचदा एकाच वेळी.

कामावर परत गेले तेव्हा आवाज थोडा उतरला होता, खालच्या पट्टीत. साहेबांनी पुकारायचं काम एका नव्या मुलीला दिलं आणि मला नोंदी दिल्या. मी महिनाभर ऐकून घेतलं. मग तिच्याशी वाटणी केली, सकाळच्या गाड्या तिच्या, दुपारच्या माझ्या. कंडक्टर म्हणतात, मॅडम, आता तुमचा आवाज रेडिओसारखा वाटतो.

थंडीत तपासणीला जळगावला गेलो, या वेळी बसने आणि बसून. डॉक्टर बाईने छातीचा फोटो बघितला, मला कॉरिडॉरमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून चालवलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्यापेक्षा भरभर चालता." मग तिने ब्रदरला बोलावलं. तो आला आणि माझ्यासमोर उभा राहिला, तर मला ओळखूच येईना. इतके दिवस मी त्याचे फक्त डोळे बघितले होते. आता मास्क हनुवटीवर, आणि वर चांगली जाड मिशी.

"तुला मिशी आहे?" मी म्हटलं. "मी मनात तुझा चेहरा बिनमिशीचा केला होता."

"काढू का मग?" तो म्हणाला.

"नको," हे म्हणाले, "छान शे."

त्याची ड्यूटी संपली होती. आम्ही तिघं भरीत खायला गेलो. जळगावच्या हिरव्या वांग्यांचं, काटक्यांवर भाजलेलं, भरपूर तेलातलं भरीत आणि सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. माझी चव गेलेली होती, ती हळूहळू परत येत होती. पहिल्या घासाला धुराचा वास आला, मग मिरची लागली, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट आहे?" ब्रदरने विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि आणखी भरीत मागवलं.